थायलंडची भातशेती आणि तिच्या रीती: पीक बदललं की सण टिकतो का?

खोनकेनकर

कामानिमित्त ईशान्य थायलंडात, म्हणजे ईसानमध्ये, बरीच वर्षं राहतो आहे. भाताच्या बियाण्याशी रोजचा संबंध. थायलंडच्या सणांवर आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात सोंगक्रानचं पाणी आणि लॉय क्राथोंगचे दिवे यापलीकडे फारसं काही नसतं. शेताच्या बांधावर जे चालतं ते राहूनच जातं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधी सांगतो, मग तुम्ही तुटून पडा. थायलंडात शेतातली रीत कुठे टिकली आणि कुठे गेली हे बघायचं असेल तर आधी भाताची जात बघावी.

ईसानात अजून बहुतेक शेती पावसावरची आणि भाताचं वर्षाला एकच पीक. इथला खाव डॉक मलि १०५, ज्याला जग जास्मिन राइस म्हणतं, दिवस लहान होऊ लागले की फुलतो. जूनमध्ये पेरा की जुलैअखेर लावा, फुलोरा ऑक्टोबरच्या २० तारखेच्या आसपासच. त्यामुळे अख्खा गाव एकाच वेळी निसवतो, एकाच वेळी कापणीला लागतो आणि एकाच वेळी मोकळा होतो.

मध्य थायलंडात, चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यात, उलटं झालं. १९५७ साली चैनातचं धरण झालं, कालवे आले. १९६९ साली आयआर-८ या बुटक्या, जास्त उताऱ्याच्या भाताच्या संकरातून आरडी-१ हे वाण आलं. त्याला दिवस लहान-मोठा असण्याशी देणंघेणं नाही. वर्षाला दोन पिकं, पाणी असेल तर दोन वर्षांत पाच. एका शेतात पेरणी चालू असते आणि शेजारच्या शेतात कापणीचं यंत्र उभं असतं.

आता तिथली मुख्य रीत बघा. मॅ फोसोप ही भाताची देवी. भात पोटरीला आला, म्हणजे पात्यांच्या आत लोंबी भरू लागली, की तिला दिवस गेले असं मानतात आणि तिचे डोहाळे पुरवतात. बांबूच्या टोपलीत चिंच, संत्रं, केळं, ऊस, शिवाय कंगवा, आरसा, पावडर, अत्तर. हे काम बायकांचं आणि शक्यतो शुक्रवारी. बाई बांधावर बसून भाताच्या पात्यांवरून कंगवा फिरवते, पावडरीचं बोट लावते आणि देवीशी बोलत राहते: आंबट खा, सुखात राहा, दाणा भरू दे. टोपली काठीला टांगतात आणि तिथे बांबूच्या पट्ट्यांची विणलेली षट्कोनी चांदणी लावतात, चलेव म्हणतात तिला.

वर्षात दोनतीनदा पोटरी येणार असेल, आणि तीही प्रत्येक शेतात वेगळ्या आठवड्यात, तर गावानं मिळून हे कधी करायचं? म्हाताऱ्या बायका आपापल्या शेतात करतात, पण गावाचा सण म्हणून ते विरळ होत गेलं. तुमचे अनुभव सांगा. आपल्याकडचेही चालतील.

अवनी_ठाणे

मस्त विषय! नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बँकॉकला होतो. तिथली राजेशाही नांगरणी बघितली आहे. मे महिन्यात सनाम लुआंग या मोठ्या मैदानावर होते. कृषी मंत्रालयाचे मुख्य सचिव नांगरणीचे मानकरी असतात, फया रॅक ना. त्यांच्यासमोर घडी केलेली तीन वस्त्रं ठेवतात, चार, पाच आणि सहा वीत मापाची, आणि त्यांतलं एक न बघता उचलायचं. लांब वस्त्र निघालं तर पाऊस कमी, आखूड निघालं तर भरपूर. शेजारणीनं कारण सांगितलं ते मला फार आवडलं: शेतात पाणी जास्त असलं की माणूस धोतर वर खोचतो, नसलं की पायघोळ सोडतो.

मग पांढऱ्या बैलांची जोडी नांगराला. मागे चार तरुणी सोन्याच्या आणि चांदीच्या टोपल्यांत बी घेऊन चालतात. नांगरून झालं की बैलांपुढे सात पदार्थ मांडतात: भात, मका, मूग, तीळ, गवत, पाणी आणि दारू. बैल ज्याला तोंड लावेल त्यावरून वर्षाचं भाकीत.

मावळचा_भात

दारू प्यायला तर काय भाकीत? 😄

अवनी_ठाणे

दळणवळण सुधारेल, परदेशाशी व्यापार वाढेल आणि देशाची भरभराट होईल!

विधी चालवणारे दरबारी ब्राह्मण असतात. बँकॉकच्या जायंट स्विंगजवळ त्यांचं देवस्थान आहे, नावही देवसथानच. शिव, गणपती आणि नारायण अशी तीन देवळं, पहिल्या रामाच्या (तिथल्या राजांना राम पहिला, राम दुसरा असं म्हणतात) काळातली, १७८४ ची. चौथ्या रामानं, म्हणजे राजा मोंगकुटनं, आदल्या दिवसाचा बौद्ध विधी जोडला. बी आधी भिक्खूंच्या मंत्रांनी पावन होतं आणि दुसऱ्या दिवशी ब्राह्मणांच्या हातून मातीत जातं. आणि विधी संपला रे संपला की लोक दोर ओलांडून मैदानात धावतात. मातीत बोटं घालून एकेक दाणा वेचतात. आमच्या इमारतीत काम करणारी बाई प्लास्टिकच्या पुडीत थोडे दाणे घेऊन आली होती. निम्मे घरच्या बियाण्यात मिसळायला गावी पाठवले, निम्मे पैशाच्या पाकिटात ठेवले.

रोखठोक

धाग्याचा सूर फार गोड आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ही राजेशाही नांगरणी १९३६ नंतर बंद होती. १९६० मध्ये राजा भूमिबोल यांच्या काळात ती पुन्हा सुरू केली. म्हणजे परंपरा अखंड वगैरे नाही, राज्यानं ठरवून उभी केलेली आहे. आणि शेतकऱ्याचं काय? २०११ मध्ये सरकारनं टनाला १५,००० बात (थाई चलन) या भावानं भात घ्यायची योजना आणली, बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त. गोदामं भरली, निर्यात घसरली, २०१२ मध्ये तांदूळ निर्यातीत भारत पहिला आला. २०१३-१४ च्या हंगामात शेतकऱ्यांचे पैसे महिनोन् महिने थकले आणि मे २०१४ मध्ये लष्करानं सत्ता घेतली. बैलानं काय खाल्लं यानं कर्ज फिटत नाही. आपल्याकडेही पोळ्याला बैलांचे फोटो टाकणारे शहरात आणि बैल विकणारा गावात, अशीच गत आहे.

खोनकेनकर

रोखठोक, योजनेबद्दल लिहिलंत ते बरोबर आहे. त्या काळात थकलेल्या पैशांची पावती खिशात घेऊन हिंडणारी माणसं मी बघितली आहेत. पण राजेशाही नांगरणी आणि शेतातली रीत एकाच पारड्यात घालू नका. सनाम लुआंग बंद होतं त्या काळातही ईसानचा शेतकरी आपला पहिला तास पूजा करूनच घालत होता. त्याला बँकॉकची परवानगी लागत नव्हती.

आणि पोळ्याचा विषय काढलातच म्हणून. इथे नांगरणी-लावणी उरकली की रेड्याम्हशींचं सू ख्वान ख्वाय करतात. ख्वान म्हणजे अंगातलं चैतन्य म्हणा. भीतीनं, माराने, दमल्यानं ते अंग सोडून जातं, म्हणून त्याला परत बोलवायचं. गावातला जाणता माणूस पोथी म्हणतो, शिंगांना सुती दोरा बांधतात, कोवळं गवत घालतात. आणि मालक त्या जनावराची माफी मागतो. चिखलात मारलं, शिव्या घातल्या, ते मनात ठेवू नकोस असं तोंडानं म्हणतो. आता नांगराला बहुतेक ठिकाणी दोनचाकी यंत्र आहे, लोक त्याला लोखंडी रेडा म्हणतात. मग हा विधी उरला तो ज्यांच्या गोठ्यात अजून जनावर आहे त्यांच्यापुरता.

येळवशीचा

लातूर. खोनकेनकर, तुमच्या मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे.

मॅ फोसोपच्या डोहाळ्यांचं वाचून मला परकं काहीच वाटलं नाही. आमच्याकडे मार्गशीर्ष अमावस्येला येळवस. शेतात कडब्याची कोप, आत पाच पांडव आणि लक्ष्मी, आंबील, भज्जी, उंडे. पिकाभोवती आंबील शिंपडत फिरायचं. शिवेपलीकडे कर्नाटकात शिगी पौर्णिमेला तर भुईचे डोहाळे उघड उघड करतात.

आता पीक बघा. माझ्या लहानपणी शिवारभर रब्बीची ज्वारी उभी असायची. आता खरिपात सोयाबीन आणि मागे हरभरा. कोप बांधायला कडबा मागून आणावा लागतो, कुणी कुणी तर शेडनेटचं कापड लावतात. पण येळवस कमी झाली का? उलट वाढली. त्या दिवशी लातूर शहरात कर्फ्यू लागल्यासारखं असतं, पुण्याहून पोरं गाड्या काढून येतात. पीक गेलं आणि रीत राहिली. तुमचा सिद्धांत इथे लागू पडत नाही.

चूल_आणि_मूल्य

येळवशीचा, +१. आणि भज्जीची पाककृती द्या.

खोनकेनकर

येळवशीचा, फार मोलाचा प्रतिवाद आहे. पण एक बघा, येळवस तिथीला बांधलेली आहे. ज्वारी पोटरीत असो नसो, अमावस्या येणारच आणि पुण्याच्या पोराला महिनाभर आधी रजा टाकता येणार. इथेही ईसानच्या बारा महिन्यांच्या बारा रीती आहेत, हीत सिप सोंग. बहुतेक सगळ्या चांद्रमासाला आणि देवळाला बांधलेल्या. नवव्या महिन्याच्या अमावस्येला पितरांसाठी भाताच्या पुड्या झाडाबुडी ठेवतात, त्याला शेतात कुठलं वाण आहे यानं काही फरक पडत नाही. अडचण होते ती पिकाच्या अवस्थेला बांधलेल्या रीतीची. पोटरी, मळणी, खळं.

बुन खुन लान घ्या. मळणी झाली की खळ्यावर भाताची रास रचायची, भिक्खूंना बोलवायचं, राशीभोवती दोरा धरून मंत्र म्हणायचे आणि मगच भात कोठीत न्यायचा. आता कापणीचं यंत्र येतं, भात थेट ट्रॉलीत आणि तिथून गिरणीत. खळंच नाही तर रास कुठे लावणार? मग गावांनी काय केलं, रास देवळाच्या आवारात नेली. घरटी थोडं भात आणून एक मोठा ढीग रचतात, पूजा होते, नंतर तो विकून पैसे देवळाला. रीत वाचली, पण शेतकऱ्याच्या खळ्यावरून गावाच्या आवारात गेली.

मावळचा_भात

आमच्याकडे रास लागली की वर निखारा-नारळ करून मगच माप घालायचे. आजोबा माप मोजताना एक म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. आता मळणीयंत्राला पोतं लावतो, रास पाच मिनिटं पण जमिनीवर राहत नाही. तुमचं खळ्याचं पटलं.

एक धंद्याचा प्रश्न. या १०५ चा उतारा किती? आम्ही इंद्रायणी करतो, वास चांगला, भाव बरा.

खोनकेनकर

पावसावर एकरी नऊ-दहा क्विंटल भात धरा. मध्य थायलंडातल्या पाटाच्या शेतीत जवळपास दुप्पट. इंद्रायणीवाल्याला हे फारच कमी वाटेल. पण ईसानची जमीन वाळूसर, कुठे कुठे खारवट. थुंग कुला रोंगहाय नावाचं मोठं मैदान आहे, रोई एत, सुरिन, सीसाकेत, यासोथोन आणि महासाराखाम अशा पाच प्रांतांत पसरलेलं. उन्हाळ्यात भेगाळतं, पावसात बुडतं. तिथे हाच भात सगळ्यांत जास्त घमघमतो. पाण्याचा ताण आणि क्षार यांनी वास वाढतो असं भातावर काम करणारे सांगतात. तिथल्या तांदळाला २०१३ मध्ये युरोपात भौगोलिक मानांकनही मिळालं.

१०५ हा आकडा कुठून आला तेही सांगतो. १९५० च्या सुमारास सुंथोन सीहानन नावाच्या कृषी अधिकाऱ्यानं चाचेंगसाओ प्रांतातल्या बांग ख्लामधून १९९ लोंब्या गोळा केल्या. त्या वेगवेगळ्या ओळींत लावून पारखल्या. त्यांतली १०५ क्रमांकाची ओळ निवडली गेली आणि १९५९ मध्ये वाण म्हणून मान्य झाली. आज जगभर जाणारा हा तांदूळ त्या एका लोंबीचा वंश आहे.

पाटकरी

मी साक्रीकडचा. इतका वेळ पूजेचीच चर्चा चालली आहे, पाण्याबद्दल कुणी बोलत नाही. उत्तर थायलंडात मुआंग फाय नावाची पाटबंधाऱ्याची जुनी पद्धत आहे असं वाचलं होतं, आमच्या फडासारखी. खोनकेनकर, तिकडे गेला असाल तर सांगा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पांझरा, मोसम या नद्यांवर दगडी बंधारे, तिथून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी पीक फिरवायचं. पाणी सोडणारा पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. त्यांना मोबदला धान्यात. बांधावरून भांडण कितीही असो, पाट साफ करायच्या दिवशी सगळ्यांनी फावडं घेऊन यायचंच.

खोनकेनकर

पाटकरी, चियांग माय, लाम्पांगकडे बघितली आहे. फाय म्हणजे बंधारा, पूर्वी बांबू-लाकडाच्या मेखा ठोकून, मधे दगड-फांद्या भरून केलेला. पाणी थोडं झिरपू देणारा. मुआंग म्हणजे पाट. हंगामाआधी दुरुस्ती निघते आणि ज्याची जितकी जमीन तितक्या मेखा आणि तितकी माणसं त्यानं द्यायची. प्रमुख गावानं निवडलेला. चियांग माय ज्यानं १२९६ मध्ये वसवलं त्या राजा मंगराय याच्या नावानं चालत आलेल्या कायद्यात पाणी चोरण्याबद्दल आणि बंधारा मोडण्याबद्दल शिक्षा आहेत.

आणि रोखठोक, हे तुमच्यासाठी. दुरुस्ती झाली की बंधाऱ्याच्या राखणदाराला नैवेद्य असतो, कोंबडं किंवा डुक्कर आणि दारू. त्या जेवणाला पाटाच्या वरच्या तोंडाचा आणि शेपटाचा, दोन्हीकडचा शेतकरी हजर राहतो. त्याच बैठकीत पाण्याचे वाटे ठरतात, कुणी मेखा दिल्या नाहीत त्याचा हिशेब निघतो. पूजा काढून टाका, वर्षातली ती एक बैठक पण जाईल. अनेक ठिकाणी सिमेंटचे बंधारे झाले, मेखांची गरज संपली. जिथे नैवेद्य चालू राहिला तिथे वाटपाची बैठकही राहिलेली मी बघितली.

रोखठोक

हे मान्य. पाणीवाटपाची बैठक नैवेद्यात दडलेली असेल तर ती रीत कामाची आहे. मला राग आहे तो तमाशाचा. यासोथोनला अग्निबाण सोडतात तो सण आता सट्टेबाजीचा अड्डा झाला आहे ना?

खोनकेनकर

बुन बांग फाय. सट्टा चालतो हे खरं. बाण किती सेकंद हवेत राहतो यावर पैसे लागतात. बाणही लहान नाहीत, मोठ्या बाणात १२० किलोपर्यंत दारू ठासलेली असते. पण मूळ गोष्ट झकास आहे. आकाशातल्या फया थॅननं पाऊस अडवला, तेव्हा बेडकांच्या राजानं, फया खन्खाकनं, प्राण्यांची फौज घेऊन त्याच्यावर चाल केली. वाळवीनं शस्त्रांच्या मुठी पोखरल्या, विंचू-गोमी कपड्यांत शिरल्या. थॅन हरला आणि तह झाला: खालून बाण आला की वरून पाऊस सोडायचा. म्हणून मे महिन्यात, लावणीआधी, बाण जातात. ज्याचा बाण उडत नाही त्याला चिखलात लोळवतात. यासोथोनमध्ये बेडकाच्या आकाराचं भलंमोठं संग्रहालय आहे.

अवनी_ठाणे

आणि मांजराची मिरवणूक! पाऊस लांबला की पिंजऱ्यात मांजर घालून दारोदार नेतात आणि घराघरांतून तिच्यावर पाणी उडवतात. मांजरीला त्रास होतो म्हणून हल्ली काही गावांत डोरेमॉनचं बाहुलं नेतात. आमच्या धोंडीसारखंच, फक्त डोक्यावर लिंबाच्या डहाळ्या नाहीत.

चूल_आणि_मूल्य

डोरेमॉनच्या खिशातून पाऊस निघायला हरकत नाही. 😀

पण खाण्याबद्दल कुणीच बोलत नाही! ईसानात चिकट भात, खाव नियाव. रात्रभर भिजवून, उकळत्या भांड्यावर बांबूची निमुळती टोपली ठेवून वाफवायचा, मग क्रातिप नावाच्या विणलेल्या डब्यात. हातानं गोळा करायचा आणि मिरचीच्या ठेच्यात बुडवायचा. तिसऱ्या महिन्यात, हिवाळा सरताना, याच भाताचे गोळे काठीला लावून निखाऱ्यावर भाजतात, वरून अंडं फासतात, ते खाव ची. पहाटे करून भिक्खूंना नेतात. आणि खाव माव म्हणजे दुधाळ-हिरव्या दाण्याचे भाजून कांडलेले पोहे, त्यावर खोबरं आणि साखर. तोंडाला पाणी सुटलं लिहिताना.

पेडण्याची_पोर

खाव मावचं वाचून आमचं नवें आठवलं. गोव्यात चवथीच्या दुसऱ्या दिवशी नव्या भाताची कणसं शेतातून वाजतगाजत आणून देवाला आणि दाराला लावतात. ख्रिस्ती गावांत ऑगस्टमध्ये कोंसाचं फेस्त, पाद्री स्वतः विळ्यानं पहिली कणसं कापतो. आमच्या वाड्यावर शेतं पडीक आहेत, कणसं शेजारच्या गावातून आणतात. येळवशीच्या कडब्यासारखंच. म्हणजे मी येळवशीचा यांच्या बाजूनं.

येळवशीचा

दोन मतं झाली. खोनकेनकर, तुमचं तिथी आणि अवस्था हे पटतंय बऱ्यापैकी, तरी एक अडतं. पिकाच्या अवस्थेला बांधलेली एखादी तरी रीत बदललेल्या शेतीत जशीच्या तशी टिकली असेल ना? लावणी बंद पडली तरी?

खोनकेनकर

टिकली आहे. दोन उदाहरणं देतो.

पहिलं मध्य थायलंडातलंच, म्हणजे माझ्याच म्हणण्याला छेद देणारं. सुफानबुरीला खाव ख्वान नावाची संस्था आहे, देचा सिरिपात यांनी उभी केलेली. शेतकऱ्यांची शाळा चालवतात: बियाणं स्वतः निवडायचं, विषारी फवारणी सोडायची. त्या कामात त्यांनी मॅ फोसोपची पूजाही परत आणली. बियाणं निवडताना दाणा न् दाणा हातात घ्यावा लागतो आणि तो देवीचा आहे या भावनेनं घेतला तर माणूस घाई करत नाही, अशी तिथली शिकवण. तिथे शेती बदलली तेव्हा पूजा परतली.

दुसरं ईसानचं. ता हॅक हा शेताचा राखणदार. लावणीआधी शेताच्या कोपऱ्यात वीतभर उंचीचं मचाण किंवा नुसता खुंट, समोर हातभर वाफा, त्यात आधी मोजके चूड, म्हणजे रोपांच्या जुड्या, लावायचे आणि मनात म्हणायचं, हे जसे वाढतील तसं सगळं वाढू दे. आता मजूर मिळत नाहीत, पोरं बँकॉकला कारखान्यांत. म्हणून बहुतेकांनी रोपलावणी सोडून भात फोकायला, म्हणजे बी थेट शेतात विखरायला, सुरुवात केली. फोकलेल्या शेतात चूड लावायचं कामच नाही. तरी आमच्या शेजारचा शेतकरी ता हॅकपुरती रोपं वेगळी वाढवतो आणि ती हातानंच लावतो. मी विचारलं, इथेही फोकून का टाकत नाही? तो म्हणाला, बापानं लावून दाखवलं होतं, फोकून नव्हे.

पाटकरी

ही गोष्ट आमच्या गावात वाचून दाखवणार. मुआंग फायवर वेगळा धागा काढा, दंड किती आणि वसूल कोण करतं ते सविस्तर हवं आहे.

मावळचा_भात

आणि मला १०५ चं किलोभर बियाणं आणा येताना. 😄

खोनकेनकर

मावळकर, पिशवीत घालून बियाणं आणायचं नाही, विमानतळावर काढून घेतील आणि ते योग्यच आहे. तांदूळ शिजवून खायला घरी या. पाटकरी, दंडाचं नक्की लिहितो. चियांग मायच्या एका पाटप्रमुखाची वही बघून ठेवली आहे, त्यांची परवानगी घेतो आणि नवा धागा काढतो.